ताई, निकालाच्या आधीच लिहितेय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लेकीला अमेरिकेतल्या एकाही कॉलेजातून अजून होकार आलेला नाही, नकारही नाही. म्हणूनच आज लिहायला बसले. निकाल लागल्यावर लिहिलं तर ते आभार निकालाचे होतील. मला ते त्या सोमवारी सकाळी आलेल्या फोनचे मानायचे आहेत.

तुमचं-आमचं नातं काय, तर माझ्या मैत्रिणीची नणंद. तिच्या लग्नात एकदा तुम्हाला पाहिलेलं, बस. तरी न्यू जर्सीतल्या तुमच्या रविवारची सकाळ तुम्ही साताऱ्यातल्या एका अनोळखी मुलीला दिलीत. शाळेत आठवडाभर मुलांना कॉलेज-प्रवेशाचा सल्ला देण्याचं हेच काम करून!

आधीच्या सल्लागारांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. दोन हप्त्यांत फी घेतली, एसीत बसवलं, भिंतीवरचे परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो दाखवले आणि लेकीचे सॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या प्रवेशपरीक्षेचे, मार्क पाहून पाच मिनिटांत निवाडा दिला. "मार्चचे १३८० म्हणजे डाग. दाखवायचेच नाहीत. ऑगस्टचे १४०० तेवढे सगळीकडे पाठवा." कॉलेजांचे नियम वेगवेगळे असतात का, असं मी विचारलं, तर "मॅडम, ते आमच्यावर सोडा." सोडलं. त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच सोडलं. लेक काही बोलली नाही, पण घरी येऊन तिने मार्चचा कागद वहीत घालून टाकला.

तुम्ही पहिलंच विचारलंत, "एकूण नको, दोन्ही भागांचे वेगळे सांग." मार्चमध्ये इंग्रजी ६४०, गणित ७४०. ऑगस्टमध्ये दोन्हीकडे ७००. मग तिलाच म्हणालात, "आता चांगलं इंग्रजी आणि चांगलं गणित एकत्र कर बघू." १४४०! आपल्या तोंडून आलेला आकडा ऐकून ती हसलीच. मी सोळा वर्षं शाळेत गणित शिकवते, ताई. ही बेरीज मला दिसली नव्हती. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांना मिळालेले प्रत्येक भागातले सर्वांत चांगले मार्क उचलून एकत्र धरतात. म्हणजे ज्याला डाग म्हटलं, त्याच कागदावर पोरीचं गणित होतं.

पुढचं तुम्ही भराभर उरकलंत. पर्ड्यू विद्यापीठाला मार्क द्यावेच लागतात, तिथे दोन्ही पाठव. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे मार्क बघतच नाही, तिथे पैसे घालवू नको. एका कॉलेजात मार्क देणं ऐच्छिक होतं, पण घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त १४८०च्या वरची. तिथे रकाना कोरा ठेव. "ही लपवाछपवी नाही गं, त्यांनीच मुभा दिलीय." २०२० साली कोरोनात परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा ही मुभा पसरली, आणि आता एकेक जण ती मागे घेतोय, एमआयटीने (पुण्याची नव्हे!) तर २०२२ मध्येच घेतली, हेही तेव्हाच कळलं.

आणि मग तो फोन. सोमवारी सकाळी सहाला. इतक्या लवकर फोन म्हणजे कुणाचं तरी काहीतरी झालं, या धास्तीनेच उचलला. तुम्ही म्हणालात, "अहो, सकाळी मी चुकीचं सांगितलं." तुमची सकाळ, आमची आदली संध्याकाळ. "जॉर्जटाउनला निवडून पाठवता येत नाही. जितक्यांदा परीक्षा दिली तितके सगळे मार्क मागतात. मी वाचलं नव्हतं, गृहीत धरलं. तिला माझ्याकडून सॉरी सांगा."

आमचं त्याने काहीच अडणार नव्हतं. आम्ही दोन्ही पाठवणारच होतो, आणि हे तुम्हालाही माहीत होतं. तरी दिवसभराचं घरकाम आटोपून, रात्री साडेआठला तुम्ही नियम उघडून वाचलेत आणि फोन केलात. फी घेतलेल्यांनी चूक मान्य करणं तर राहूच द्या, फोनही घेतला नव्हता.

फळ्यावर माझी पायरी चुकली आणि पोरांनी पकडली, की मी म्हणते, "बघत होते कोण जागं आहे ते." सगळेच मास्तर म्हणतात. परवा नववीच्या वर्गात तेच तोंडावर आलं होतं. गिळलं, पुसलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." मागच्या बाकावरचा एक जण इतका दचकला की विचारू नका.

तुमच्या आई डिसेंबरात तिकडे येताहेत. त्यांच्या बॅगेत कंदी पेढ्यांचा एक पुडा दिलाय. हे निकालाचे पेढे नव्हेत, असं त्यांना दोनदा बजावलंय. नाहीतर विमानात बसायच्या आधीच त्या आख्ख्या पेठेत लेकीची अ‍ॅडमिशन करून मोकळ्या होतील.

तुमची,
मैत्रिणीची मैत्रीण