दारव्ह्याचा शेवटचा काना

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

फोनवर कॉलेजचा विषय काढला की तू "हो हो, बघू" म्हणतोस आणि कापसाचा भाव विचारतोस. म्हणून हे कागदावर लिहितोय. बारा तासांची शिफ्ट करून तू खोलीवर किती थकून येतोस ते मला माहीत आहे. एका दमात वाचू नकोस, पण पूर्ण वाच.

सध्या मी रात्री जागलीला असतो. हरभऱ्यात रानडुकरं घुसतात, आणि या आठवड्यात लाइनही रात्रीचीच आहे, त्यामुळे ओलीत आणि जागली एकदमच चालते. पाणी एका सऱ्यातून दुसऱ्यात वळवलं की पुढचा तास मोकळा मिळतो. त्या वेळात अभ्यास होतो. मोबाइलवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाकलंय, त्यात सी या भाषेतला प्रोग्राम चालतो. मोठा प्रोग्राम आधी वहीत लिहितो, मग मोबाइलवर टाइप करतो. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरमागे आपण चौघं उभे राहायचो, त्यापेक्षा इथं जास्त शिकलो.

आता मूळ गोष्ट सांगतो. वेचणी सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, बायांच्या मजुरीचा हिशेब वहीत घोळतो, तुझ्या शिक्षणात काही असेल तर करून दे. मी प्रोग्राम लिहिला. रोजचं वजन, दर, आठवड्याची बेरीज. पैसे आधी दशांशात ठेवले, ते चुकलं. ०.१ हा आकडा बायनरीत कधी संपतच नाही, दशांशात एक तृतीयांश संपत नाही तसा. दहा वेळा ०.१ मिळवून पायथनला विचार, ते १ न सांगता ०.९९९९९९९९९९९९९९९९ सांगतं. म्हणून सगळं पैशांत, पूर्ण आकड्यांत केलं, आणि पूर्ण रुपयांची बेरीज शेवटी मजुरीच्या खान्यात ठेवली. इथवर नीट होतं.

मग ऑटोचं भाडं वेगळं काढायचं म्हणून प्रत्येकीचं गाव नोंदवायला लागलो. गावाच्या नावाला मेमरीतले २० खाने दिले, एका खान्यात एक बाइट, आणि त्याला लागूनच मजुरीचा आकडा. मजुरी आधी भरायची, गाव मागून. बाजाराच्या आदल्या दिवशी चुकाऱ्याची यादी काढली. लाडखेडच्या बायांचं बरोबर, दिग्रसची एक होती तिचंही बरोबर. आणि दारव्ह्याहून येणाऱ्या सगळ्यांच्या नावापुढे १९०. कोणाचे अठराशे झाले होते, कोणाचे दोन हजार वीस. सगळ्यांना १९०. एक मावशी म्हणाली, "माये अठराशे होतात ना बाप्पा, तुया मोबाइल एकशे नव्वद काऊन दाखवते?" आईकडं वही होती म्हणून चुकारा बरोबर झाला. पण मला फार लागलं. तिच्या घामाचा आकडा होता तो.

तीन रात्री तेच डोक्यात. एकाच गावाला का? आणि दर वेळी १९०च का? तिसऱ्या रात्री गावाच्या नावातला एकेक बाइट आकड्यात छापून पाहिला, आणि तेव्हा उलगडलं. ते तुला नीट सांगतो, कारण हा प्रश्न मुळात तुझा होता.

"दारव्हा" आपण तीन अक्षरं वाचतो: दा, र, व्हा. मशीनसाठी त्यात सात खुणा आहेत: द, काना, र, व, पाय मोडल्याची खूण, ह, आणि परत काना. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणारी यादी, तीत देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेत, आणि ते बाइटांत साठवायची पद्धत म्हणजे यूटीएफ-८, तीत त्यातल्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. सात त्रिक २१. वर शेवट दाखवणारं शून्य, म्हणजे २२. मी खाने दिले होते २०. "लाडखेड" सहा खुणांचं, १८ अधिक १, मावलं. "दिग्रस"ही मावलं. दारव्हा दोन खाने बाहेर गेलं. बाहेर लगेच कोण होतं? मजुरी. आणि काना कसा साठतो पाहा: २२४, १६४, १९०. दारव्ह्याच्या शेवटच्या कान्याचा शेवटचा बाइट मजुरीच्या पहिल्या खान्यात गेला, मागचं शून्य दुसऱ्या खान्यात. आधीचे अठराशे पुसले, १९० उरले.

कागदावर हे खाने काढून पाहिले तेव्हा थंडीत अंगावर काटा आला. मोटर चालू होती, पाणी धुरा (बांध) फोडून शेजारच्या वावरात चाललं होतं, तेही लक्षात आलं नाही.

आता तुझा प्रश्न. दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी पॉइंटरची व्याख्या उतरवून दिली, दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता साठवणारा व्हेरिएबल. तू उभा राहून विचारलंस, "सर, नाव आहे ना, मग पत्ता कशाले पाहिजे?" वर्ग हसला. मीही हसलो. सर म्हणाले, परीक्षेत व्याख्याच येते. त्या दिवसानंतर तू वर्गात काही विचारलं नाहीस, आणि पुढच्या दोन महिन्यांत बॅग भरून चाकणला गेलास. मी हसलो होतो त्याची माफी मागायची राहिली होती, ती इथं मागतो.

तुझा प्रश्न त्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. उत्तर असं आहे: नाव आपल्यासाठी असतं. आपण म्हणतो "नाल्याकाठचं वावर", "आंब्याचं वावर", तलाठ्याकडे फक्त गट नंबर. मशीन त्या तलाठ्यासारखं, त्याला खान्यांचे क्रमांकच कळतात. फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याला, नुसती किंमत दिली तर ती सातबाऱ्याची झेरॉक्स दिल्यासारखी आहे, झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी मूळ नोंद बदलत नाही. मूळ बदलायची तर गट नंबर द्यावा लागतो. तोच पॉइंटर. आणि सीमध्ये दोन वावरांच्या मध्ये धुरा नसतो. तुझा नांगर शेजाऱ्याच्या वावरात शिरला तरी कोणी ओरडत नाही, धुरा आपणच सांभाळायचा. मी खाने ६४ केले आणि वाचताना ६३च्या पुढं घ्यायचं नाही अशी मर्यादा घातली. दुरुस्ती एवढीच.

मग हे कोणी ठरवलं ते शोधत बसलो. यूटीएफ-८ केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलं. थॉम्सन म्हणजे सी बनवणाऱ्या डेनिस रिचींचे बेल लॅब्समधले सहकारी. आणि युनिकोडमधला देवनागरीचा क्रम आपल्याच देशातल्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकावरून घेतलाय. इस्कीत एका खुणेला एकच बाइट लागायचा, तिथं दारव्हा ७ बाइटांत मावलं असतं. त्याच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणणारं जिस्टचं काम आयआयटी कानपूरला सुरू होऊन पुढं तिथं वाढलं, आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणकही तिथंच उभा राहिला. त्या सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आपल्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूरला जायची, तेच. लहानपणी आपण त्या रुळावर तोल सांभाळत चालायचो. हे आपल्याला वर्गात कोणी का सांगितलं नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

तू म्हणतोस, मराठी मीडियमच्या पोराला हे जमत नाही. इंग्रजी मलाही अडतं. एनपीटीईएलचं (आयआयटीच्या ऑनलाइन कोर्सचं) लेक्चर थांबवून थांबवून तीनदा ऐकतो, डिस्क्रीट मॅथ्समध्ये अजून चाचपडतो. पण हा १९० इंग्रजीमुळं अडला नव्हता, तो सापडला तोही "काऊन" असं विचारल्यामुळं. तसं विचारायची सवय तुला माझ्या आधीपासून आहे.

पहिल्या सेमिस्टरची तुझी क्रेडिट एबीसीच्या, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात आहेत, ती सात वर्षांपर्यंत चालतात. परत प्रवेशासाठी काय कागद लागतात ते मी ऑफिसात जाऊन विचारतो, तू फक्त तुझा आयडी पाठव. फीचं मी काकाजींशी बोललो. ते लगेच काही बोलले नाहीत, तूर निघू दे म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, एवढं तुला कळवतो. काकूंनी तुझ्या वह्या अजून टीनाच्या पेटीत ठेवल्यात, मला काढून दाखवल्या.

संक्रांतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. रात्री वावरात बसू, तो तुटका प्रोग्राम मी तसाच ठेवलाय तुझ्यासाठी.

तुझाच,
बेंचवरचा जोडीदार

ता. क. : "चाकण" किती बाइटांचं होतं ते मोबाइलवर न पाहता काढ आणि कळव.