फी घेतली नाही म्हणजे सेवा झाली असं नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

21 जून झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरांत योग दिनाचे फोटो येतात, शाळेचं ग्राउंड, पांढरे टीशर्ट, स्टेजवर पाहुणे, मागे मोठा बॅनर. त्यात वाईट काहीच नाही. डिसेंबर 2014 ला संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवला, 2015 पासून आपण तो करतोय, आणि ज्यांनी जन्मात कधी पद्मासन घातलं नव्हतं अशी माणसंही त्या निमित्ताने एक दिवस का होईना सतरंजीवर येऊन बसतात. पण त्या बातम्यांमधे एक वाक्य ठरलेलं असतं, अमुक योगशिक्षक अनेक वर्षांपासून निःशुल्क वर्ग घेऊन निःस्वार्थ सेवा करत आहेत. मी पण अमळनेरला सकाळी कॉलनीत क्लास घेते, फी घेत नाही, कारण आमचं घर पेन्शनवर व्यवस्थित चालतं. म्हणूनच लिहायचा हक्क आहे असं समजते, की पैसे घेतले नाहीत एवढ्यावर सेवा होत नाही.

आधी फीचं बोलून टाकते. आमच्याकडे फी घेणाऱ्या शिक्षकाकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने बघतात, "योगाचा धंदा मांडला" म्हणतात. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, दोन लेकरं, घर तिच्याच क्लासवर चालतं, पावसात स्कूटीवर तीन ठिकाणी जाते आणि प्रत्येकाची तब्येत वहीत लिहून ठेवते, कोणाचं ऑपरेशन झालंय, कोणाला चक्कर येते, सगळं. ती महिन्याचे पैसे घेते आणि घ्यायलाच पाहिजेत. आणि याच्या उलट मी असे फुकट क्लास पाहिले की शेवटच्या दहा मिनिटांत पावडरचे डबे बाहेर निघतात, नाहीतर इलेक्शन जवळ आलं की अचानक क्लास सुरू होतो आणि निकाल लागला की सतरंज्या गुंडाळून बंद. तिथे फी नव्हती, पण वसुली होतीच ना.

मला विचाराल तर शिक्षकाची खरी परीक्षा शवासनात होते. तासभर अंग मोडून लोकं आडवी पडतात, डोळे मिटलेले, तळवे वर, श्वास संथ झालेला. आमच्या क्लासमधे साठीच्या पुढच्या बाया आहेत, ज्यांनी आयुष्यात घराबाहेर कधी अशा उताण्या पडून डोळे मिटलेले नाहीत, पदर सरकला तरी दचकणाऱ्या बाया, त्या तुमच्या भरवशावर पडलेल्या असतात. त्या वेळेला मन इतकं मऊ झालेलं असतं की तुम्ही जे बोलाल ते आत जातं. त्या पाच मिनिटांत तुम्ही काय बोलता, कसं बोलता, कुठे बघता, हे सगळं तुमच्या हिशोबात जमा होतं. आणि नेमकं तेव्हाच काही जण मोबाईल काढून व्हिडिओ करतात, स्टेटसला टाकतात, त्या पडलेल्या माणसांना विचारलेलं पण नसतं. तसंच हात लावण्याचं. कंबर सरळ करायची म्हणून, पाय धरायचा म्हणून न विचारता हात लावायचा नाही, बाई असो नाहीतर पुरुष, आधी विचारायचं, नको म्हटलं तर तोंडाने सांगायचं. खेड्यातली बाई सरांना "नको" म्हणू शकत नाही, ती दुसऱ्या दिवशी यायचीच बंद होते आणि आपण म्हणतो लोकांना चिकाटी नाही.

आता जे सगळ्यात जास्त बोचतं ते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना त्यांच्या योग शिकवणाऱ्याने सांगितलं की रोज प्राणायाम करताय ना, मग बीपीच्या गोळीची काय गरज, केमिकल आहे ते. मावशींनी गोळी सोडली. बरं वाटत होतं, कारण बीपी वाढलेलं बऱ्याचदा कळतच नाही. मग एक दिवस डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वरचा आकडा 200 च्या वर गेलेला. वाचल्या. पण तो शिक्षक भेटायला सुद्धा गेला नाही. आणि तो फी घेत नव्हता बरं का, लोक त्याला सेवाभावीच म्हणतात अजून.

योगाने फायदा होतो, मी तो रोज बघते, झोप सुधारते, गुडघ्याची अकड कमी होते, चिडचिड कमी होते. पण गोळी कमी करायची की बंद करायची हे डॉक्टर ठरवणार, रिपोर्ट बघून. आपलं काम त्याच्या आधीचं आहे, पहिल्याच दिवशी विचारायचं की कुठला आजार आहे, काय चालू आहे. बीपीवाल्याला शीर्षासन नाही, श्वास कोंडून धरायला लावायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही नाही. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन ताजं असेल तर कपालभाती नाही, गरोदर बाईला पण नाही. इन्शुलिन घेणारा माणूस सकाळी उपाशीपोटी आला तर त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे खिशात खडीसाखर ठेवायला सांगायची आणि घाम आला, थरथरलं की लगेच थांबवायचं. हे माहीत नसताना पन्नास माणसांसमोर माईक घेऊन "अजून जोरात, अजून जोरात" ओरडणं याला मी हिंसाच म्हणेन.

आणि हे आपल्याच गावात शोभत नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मधे लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, पण त्याच्या आधी ते आमच्या अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला होते, हे अमळनेरच्या पोरांनाही आता माहीत नसतं. ते मोठे साधक, पण त्या काळात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोट आत ओढायच्या, फिरवायच्या क्रियांच्या वेळी पोटात दाब किती होतो ते यंत्राने मोजलं, एक्सरे काढले, आणि जे सापडलं ते 1924 मधेच सुरू केलेल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकात छापलं. म्हणजे नुसती श्रद्धा आहे म्हणून दावा करायचा नाही, आधी तपासायचं. सत्य हा यम, म्हणजे योगातला वागण्याचा नियम, ते असा पाळत होते. आणि आपण व्हॉट्सॲपवर आलेलं "सात दिवसांत शुगर मुळापासून गायब" पुढे ढकलतो आणि खाली आपल्या क्लासचा पत्ता टाकतो.

पतंजलींची योगसूत्रं 195 आहेत, काही प्रतींत 196. त्यात आसनावर म्हणून थेट फक्त तीन. पण अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून न ठेवणं) हे यम त्यांनी आसनाच्या आधी ठेवलेत आणि पुढे म्हटलंय की जात, देश, काळ, प्रसंग असलं कुठलंही कारण सांगून यातून सूट घ्यायची नाही. 200 तासांचा कोर्स करून सर्टिफिकेट भिंतीवर लावता येतं, पण तुमच्या क्लासला वस्तीवरची बाई आली तर ती मागच्या कोपऱ्यात का बसते हे बघायला कोणता कोर्स शिकवतो? तिला पुढे बोलावून आपल्या शेजारी बसवणं, हे माझ्या मते कुठल्याही अवघड आसनापेक्षा मोठं आहे.

सेवा करायचीच असेल तर आपल्या खान्देशात जागा भरपूर आहे, फक्त ती आपल्या सोयीच्या टायमाला मिळत नाही. आमचे सगळे क्लास सकाळी सहाला, गावातल्या नोकरदार आणि रिटायर लोकांसाठी. ज्या बाया दिवाळीनंतर दिवसभर वाकून कापूस वेचतात, निंदणीला जातात, त्या सकाळी सहाला भाकरी थापत असतात, सात-साडेसातला रिक्षात बसून वावरात. कंबर सगळ्यात जास्त त्यांची दुखते. आमच्या एका ताईंनी जवळच्या खेड्यात रात्री साडेआठला मारुतीच्या सभामंडपात वर्ग सुरू केला, बायांची जेवणं आटोपल्यावर. मी काही वेळा त्यांच्यासोबत गेले. तिथे पुढे वाकायची आसनं जवळपास नाहीतच, दिवसभर वाकलेल्या माणसाला अजून वाकवून काय करायचं? भिंतीला पाठ टेकून बसायचं, खांदे गोल फिरवायचे, पालथं पडून थोडंसं भुजंगासन, पोटऱ्या ताणायच्या, बोटं उघडायची मिटायची, कारण बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात आणि आखडलेली असतात. मग पडून राहायचं. एक आजी दारातच उभी राहिली, म्हणे "बहिन, माले खाले बठता येत नही, मी काय करू?" ताईंनी पुजाऱ्याची प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, आजीला बसवलं, घोटे फिरवायला लावले, श्वास घेताना हात वर, सोडताना खाली, एवढंच. आजी आता रोज सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसते. त्या वर्गाचा एकही फोटो कुठे छापून आलेला नाही, ताई काढूच देत नाहीत.

रावेर-यावलकडे केळीचे घड डोक्यावर-खांद्यावर वाहणारे मजूर आहेत, मानेचे मणके झिजलेले, त्यांच्यापर्यंत कोण पोहोचलंय? तिकडे कोणी असं काम करत असेल तर मला खरंच भेटायला आवडेल.

अजून एक, हे जरा आमच्या आमच्यातलं आहे पण लिहितेच. दिवसाला चार-पाच बॅचेस घेणारे बरेच शिक्षक स्वतः साधनेला बसत नाहीत. दुसऱ्याला करून दाखवलं तोच आपला अभ्यास असं धरून चालतात. मग हळूहळू आवाज चढायला लागतो, कोणी उशिरा आलं की अपमान, कोणी दुसऱ्याच्या क्लासला गेलं की आठ दिवस अबोला. अपरिग्रहात शिष्य न जमवणं पण आलंच की. माझ्याकडचा माणूस सहा महिन्यांनी घरीच एकटा उठून नीट करायला लागला आणि माझ्याकडे यायचा बंद झाला तर मला आनंद व्हायला पाहिजे, त्याच्याऐवजी आम्ही हजेरी मोजत बसतो. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलला शिकवायचे तेव्हा छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या आवरून ठेवायचे, मुलांना कळू न देता, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. आणि मुक्ताईने ताटी लावून बसलेल्या ज्ञानदादाला हेच ऐकवलं ना, की योगी तो जो मनाने पावन असतो आणि लोकांचे अपराध सोसतो. तिची समाधी आपल्याच मातीत आहे, दरवर्षी पालखी तिथूनच पंढरपूरला निघते. मग रुसणारा, अबोला धरणारा योगशिक्षक आपण कसा काय चालवून घेतो?

घरी कोणी गेलं, क्लासला आठ दिवस आले नाहीत, तर जाऊन बसून यायचं. मेथीची जुडी, शेतातली वांगी प्रेमाने कोणी आणून दिली तर घ्यायची, पण जो देत नाही त्याच्याकडेही तेवढंच लक्ष. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय आणि घाबरून आपल्याकडे आला, तर "मी बरा करतो" न म्हणता त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसायची तयारी पाहिजे. हे सगळं वेळखाऊ आहे आणि यातलं काहीच बॅनरवर येत नाही.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या जूनमधे स्टेजवरच्या फोटोंसोबत एखादं पान जळगाव, धुळे, नंदुरबारमधे वर्षभर चालणाऱ्या वर्गांना द्या, कुठे भरतो, किती वाजता, खुर्चीवर बसून करता येतं का, बायांसाठी रात्रीची वेळ आहे का, फी असेल तर किती. आणि "योगाने अमुक रोग पूर्ण बरा" अशी जाहिरात आली तर ती छापण्याआधी गावातल्या एखाद्या डॉक्टरला एक फोन करून विचारा. पत्र मोठं झालंय, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल, फक्त गोळ्यांबद्दलचा भाग तेवढा राहू द्या.

आपली,
एक योगशिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)