आइसलँडच्या बेताविषयी मित्रास पत्र

पुणे, दि. ९ मार्च

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रवासाचा आराखडा मिळाला. आठ दिवसांत सबंध आइसलँडला प्रदक्षिणा घालण्याचा तुझा उत्साह पाहून मला आपली स्पितीची सहल आठवली. तेव्हाही आपण सारे काही असेच कोंबले होते आणि लक्षात राहिली ती गाडीची काच व तुझी उलटी. बेटाला वळसा घालणारा रिंग रोड १,३०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. कागदावर हे अंतर फारसे वाटत नाही, परंतु तिथला वारा, पाऊस आणि दर दहा मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटणे यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. म्हणून उत्तर आणि पूर्व भाग या खेपेस सोडून द्यावा व दक्षिण किनारा तेवढा सावकाश पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला दिवस थिंगवेत्लिरसाठी ठेवू. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट तिथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दुरावत आहेत, आणि त्याच भेगाळ जमिनीवर इ. स. ९३० मध्ये या लोकांची आल्थिंग ही सभा भरू लागली. तिथून स्ट्रोक्कुरचा उकळत्या पाण्याचा फवारा आणि गुटलफॉसचा धबधबा त्याच दिवशी होतात.

माझा खरा आग्रह आहे तो हेइमाएय या लहानशा बेटाचा, जे तुझ्या यादीत मुळीच नाही. १९७३ च्या जानेवारीत, आपण पहिलीत असताना, तिथे मध्यरात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या होड्या बंदरातच होत्या, म्हणून सुमारे पाच हजार माणसे रातोरात सुखरूप बाहेर पडू शकली. पुढे लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा या लोकांनी त्यावर कित्येक महिने पंपाने समुद्राचे पाणी मारून तो थिजवला आणि बंदर वाचवले. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. हा तर तुझ्यामाझ्याहून धाकटा. त्यावर हात ठेवल्याशिवाय मी परतणार नाही.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर मात्र फोटोच्या नादात समुद्राकडे पाठ करू नकोस. तिथली एखादी लाट अकस्मात फार वर येते आणि तिने माणसे ओढून नेलेली आहेत. तिथले दगडी खांब पाहून तुला अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवेल, कारण दोन्हीकडे लाव्हा थंड होताना आक्रसून तडकला आहे. पुढे योकुल्सारलोनच्या हिमनगांपाशी एक मुक्काम करून मागे फिरू.

जूनऐवजी सप्टेंबर निवडावा. जूनमध्ये रात्रच होत नसल्याने ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच येत नाही; सप्टेंबरात रात्री पुरेशा काळोख्या असतात आणि किनाऱ्याचे रस्तेही सहसा बर्फाने अडलेले नसतात. गाडी घेताना वाळू आणि राखेपासूनचा विमा जरूर घेऊ. दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे लागते, अन्यथा वारा ते बिजागरीसकट उलटे फिरवतो, आणि वाऱ्याने मोडलेल्या दाराची भरपाई विम्यातून बहुधा मिळत नाही. पेट्रोल पंपांवर बऱ्याच ठिकाणी माणूस नसतो, तेव्हा पिन असलेले कार्ड जवळ हवे. हॉटेलांतले जेवण खिशाला झेपणारे नाही. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या पाहू. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी माझ्याकडे. सार्वजनिक तरणतलावात उतरण्यापूर्वी विवस्त्र होऊन साबणाने स्नान करावे लागते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिथे माझ्याशी वाद घालत बसशील.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आता मुहूर्त काढायला हरकत नाही. तुझ्या पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक आहे ना, एवढे आजच पाहून कळव. मागच्या वेळी ते कुलूपबंद कपाटात होते आणि किल्ली वहिनींसोबत माहेरी गेली होती.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर