दिग्यास पत्र : अण्णांच्या कॅसेटी आणि दोन रॅम

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढं वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथंच आहे, आईला ऐकू आणखी कमी येतंय. झालं. आता खरं कारण. आपल्या नाटकाच्या तालमी घेणाऱ्या अण्णांच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवतोय, त्या फाइली खऱ्या आहेत की खराब, हे मला कळेनासं झालंय. घरात कुणाला सांगायला गेलो की ‘चालतायत की’ म्हणतात आणि टीव्हीकडं वळतात.

रूमवरचा पीसी आठवतो ना? तुझी ती लॅमिंग्टन रोडवरनं आणलेली १२८ एमबी पीसी-१३३ रॅम (मशीनची काम करतानाची मेमरी), माझी आधीची ६४ एमबी पीसी-१००, म्हणजे वेगळ्या वेगाची. सारखा हँग व्हायचा आणि तू विंडोज ९८ च्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास. मी म्हणायचो तुझी रॅम काढून बघू, तू म्हणायचास तुझी काढ, तुझी म्हातारी झालीय. शेवटी बोलणं बंद आणि सबमिशन पम्याच्या मशीनवर. तर लेका तेच सगळं आता माझ्या घरात झालंय, फक्त भांडायला समोर कुणी नाही.

झालं असं की कॅसेटींचं काम वाढलं. ताशी कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेतली की एक जीबीची वेव्ह फाइल होते, तसल्या तीन-चार उघडल्या की मशीन रडायला लागायचं. रॅम आठ जीबी होती, म्हटलं आणखी आठ टाकू. पण २०२५ च्या शेवटापासून त्या एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले की नवी जोडी घ्यायची म्हणजे बायकोला आधी चहा करून द्यायचा. दुकानातला पोरगा म्हणाला काका, वापरलेली आहे, सेम डीडीआर-४ आहे, काय प्रॉब्लेम नाय. बसवली, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन कायतरी केलं, टास्क मॅनेजर उघडून दाखवला, बघा काका सोळा जीबी, ३२०० स्पीड. मला बरं वाटलं.

मग सुरू झालं. रोज नाही, हाच तर वैताग. आठवडाभर गुण्यागोविंदानं चालायचं आणि मग एका संध्याकाळी निळा पडदा. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दर वेळी वेगळं नाव आल्यामुळं दर वेळी वेगळ्यावर संशय. आधी अँटिव्हायरस, मग साउंड कार्डचा ड्रायव्हर, मग इन्व्हर्टर, मग एसएमपीएस, मग सांगलीचा मे महिना. शेजारच्या जोशीकाकांनी वास्तूपर्यंत विषय नेला होता. मी खोडरबरनं रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या (हसू नकोस, तूच शिकवलंयस), दोन दिवस बरं चाललं आणि मी सगळ्यांना खोडरबरचं कौतुक सांगत फिरलो.

दुकानवाला म्हणाला विंडोज नव्यानं टाकू. टाकताना अर्ध्यात अडकलं, म्हणे फाइल करप्ट आहे. तोच पेनड्राइव्ह पोराच्या लॅपटॉपवर लावला तर सरळ चालला. एक झिप फाइल आता उघडत नव्हती आणि रीस्टार्ट केल्यावर उघडली. इथं माझ्या डोक्यात घंटा वाजली. डिस्कवरची फाइल खराब असेल तर ती परत चांगली कशी होईल? म्हणजे डिस्कवर ठीक आहे, वाचून रॅममध्ये येताना तिचा चुथडा होतोय.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, घातली आणि रात्रभर लावली. आधी रॅमची जुनी स्टिक (पट्टी) एकटी, एक एरर नाही. मग नवी एकटी, तीही स्वच्छ. मग दोघी एकत्र, आणि सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. तुला सांगतो, मला तू आणि मी डोळ्यांसमोर आलो, वेगळं बसवलं की दोघं शहाणे.

सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघितल्यावर उलगडलं. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, एसपीडी, त्यात तिचा वेग, टायमिंग, व्होल्टेज सगळं लिहिलेलं. माझी जुनी ३२०० ची, सीएल १६ (हे टायमिंग), पण तो वेग एक्सएमपी, म्हणजे कंपनीनं दिलेली जास्त वेगाची तयार सेटिंग, चालू केल्यावर, १.३५ व्होल्टवर. नवी साधी २६६६, सीएल १९, १.२ व्होल्टची. बायोसला त्याच्या मनावर सोडलं असतं तर त्यानं दोघींना झेपेल असा हळू वेग धरला असता. पण त्या पोरानं एक्सएमपी चालू केलं, बोर्डानं जुनीचं कोष्टक दोघींना लावलं आणि नवी आपली कुवतीबाहेर पळत राहिली. सुरू होते, गाणं वाजतं, मेल उघडतात, आणि लोड आला, गरम झाली, की कुठंतरी एक बिट शून्याचा एक होतो. एकटी घातली तेव्हा ती तिच्या २६६६ वर चालली होती, म्हणून पास. एक्सएमपी बंद केलं, दोघी २४०० वर आल्या, मेमटेस्ट रात्रभर साफ. तरी नवी काढून ठेवली. माझं मन नाही होत.

आता तू म्हणशील मग सुटलं की, रडतोस कशाला. क्रॅशचं मला काहीच नाही रे. क्रॅश म्हणजे निदान ओरडून सांगितलं. सर्व्हरच्या रॅमला ईसीसी असतं, एक बिट उलटा झाला तर दुरुस्त होतो आणि नोंद राहते. आपल्या घरच्या मशीनला काही नाही, उलटा झाला तर झाला, तसाच डिस्कवर लिहिला. त्या महिन्यांत मी सगळ्या जुन्या वेव्ह फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करायचा प्रकार) केल्या, आणि डिस्क भरली म्हणून आमच्या चिरंजीवांनी मूळ वेव्ह उडवून टाकल्या. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह, म्हणजे बोटाच्या ठशासारखा ओळखीचा आकडा, असतो, मी सगळ्या तपासल्या, सगळ्या पास. पण वेव्ह वाचतानाच बिट उलटा झाला असेल तर फ्लॅकनं त्या बिघडलेल्या आवाजाचाच एमडीफाइव्ह घातला असणार ना!

आवाजाच्या आकड्यातला खालचा, किरकोळ बिट बिघडला तर कानाला कळतही नाही. वरचा बिघडला तर ‘टक्’. आता तिसऱ्या अंकाच्या तालमीत अण्णा तुला झापतायत (तू वाक्य खाल्लंस आणि प्रॉम्प्टरवर ढकललंस, म्हणजे माझ्यावर, टेपवर पुरावा आहे), तिथं मध्येच टक् असं वाजतं. ते कॅसेटचं आहे, रॅमचं आहे की नान्याच्या अडकित्त्याचं? मी हेडफोन लावून रात्री तेवढंच ऐकत बसतो. आणि ती कॅसेट आता लावायची सोय नाही, मागच्या वेळी टेपची पूड हेडला चिकटली आणि पुढं ती गुंडाळली गेली. अण्णांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

म्हणून तू. २०१९ च्या दिवाळीत तुला काळी हार्डडिस्क दिली होती, त्यात पहिल्या लॉटच्या मूळ वेव्ह आहेत, ही भानगड व्हायच्या कितीतरी आधीच्या. तुझ्या वेव्हचे फ्लॅक केले आणि एमडीफाइव्ह माझ्याशी जुळले तर त्या कॅसेटींची काळजी मिटली. नाही जुळले तर किती बिघडलंय ते कळेल, मग दुसऱ्या लॉटमधल्या कुठल्या कॅसेटी जीव मुठीत धरून परत लावायच्या ते ठरवता येईल. डिस्कवर काही लिहू नकोस, आणि विंडोजनं ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर हो म्हणू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

मुक्ताचं ठरलं हे पम्याकडनं कळलं, फार आनंद झाला, मुलगा बडोद्यातलाच आहे हे बेस्ट. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं व्हीआरएसचं काय ठरलं ते सविस्तर लिही. आम्ही दोघं लग्नाला येतोय, डिस्क तेव्हाच हातात घेईन, कुरिअर नको. फक्त ती सापडते का आणि चालू होते का, एवढं या रविवारपर्यंत बघून सांग.

तुझा,
सुन्या

ता. क. पम्या अजून म्हणतो तेव्हा तुझीच रॅम खराब होती. मी काही बोललो नाही.