सुट्या धान्यालाही तारखेची पाटी हवी

महोदय,

इतवारीतील किराणा दुकानांत आजही डाळी, पोहे, शेंगदाणे पोत्यांतून सुटे मिळतात आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबाला पावभर डाळ घेण्याची सोय त्यामुळेच टिकून आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही, शिवाय दाणा हातात घेऊन पारखता येतो.

मात्र उघड्या पोत्यावर ना उत्पादकाचे नाव असते, ना तारीख. त्यावर धूळ बसते ती वेगळीच. सर्वांत काळजी वाटते ती शेंगदाण्यांची, कारण पावसाळ्यातील दमटपणाने त्यांना बुरशी आली, तर तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि ते भाजल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेले दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

सुट्या मिठाईजवळ ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, ही तारीख लावणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक झाले. त्याच धर्तीवर माल कुठून व कधी आला, एवढी पाटी प्रत्येक पोत्यावर लावण्याचा आग्रह अन्न व औषध प्रशासनाने धरावा, ही विनंती.

– एक गृहिणी, महाल, नागपूर