टिपा आत टाकण्यापूर्वी त्या बाहेर काढून पाहाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आमच्या भागातील मुले अलीकडे वारंवार विचारतात की, टिपा ठेवण्यासाठी कोणते ॲप घ्यावे. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. शेतीतील शब्द, शिवारांची नावे आणि जात्यावरच्या ओव्या मी वीस वर्षे टिपत आलो आहे आणि त्या कामात एकदा चांगलाच पोळलो आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्राद्वारे द्यावेसे वाटले.

सुरुवातीच्या सुमारे तीनशे पानांचे टंकन मी एका डीटीपी केंद्रात करून घेतले होते. त्या काळच्या बहुतेक केंद्रांप्रमाणे तेथेही युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीचे, फाँट वापरात होते. त्यांत लिहिलेली अक्षरे संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत आणि देवनागरीचे रूप केवळ फाँटमुळे दिसत असे. पुढे ते केंद्र बंद झाले, त्याबरोबर फाँटही गेला आणि माझ्याकडच्या फाइलमध्ये ‘नांगर’, ‘कुळव’ या शब्दांच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हे आणि तुटक अक्षरे यांची रांग उरली. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळाले, पण त्यात रफार भलत्याच अक्षरावर जात आणि जोडाक्षरे फुटत. मूळ वह्यांशी ओळ न् ओळ ताडून पाहण्यात एक अख्खा पावसाळा गेला. वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणूनच ते साधले.

आजची ॲप युनिकोड वापरतात, त्यामुळे तो धोका टळला. परंतु आपले लेखन दुसऱ्याच्या स्वाधीन होण्याचा धोका टळलेला नाही. एव्हरनोट हे २००८ पासूनचे नावाजलेले ॲप, पण डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या मोफत योजनेवर पन्नास टिपा आणि एक वही अशी मर्यादा आली. व्यवसाय करणाऱ्याने नियम बदलावेत यात गैर काही नाही, मात्र आपल्या हजार टिपा घेऊन उठता येईल का, हे आपण बसण्यापूर्वीच पाहायला हवे. गूगल कीपमधील टिपा टेकआउट या गूगलच्याच, आपली माहिती बाहेर काढण्याच्या सोयीतून एचटीएमएल आणि जेसन या प्रकारच्या फाइलींत मिळतात. त्या वाचता येतात, पण दुसरीकडे नीट लावून घेण्याचे काम उरते. ऑब्सिडियन हे ॲप प्रत्येक टीप आपल्याच फोल्डरमध्ये मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून ठेवते. त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही पाहता-बदलता येईल असा खुला नाही, पण ॲप उद्या बंद पडले तरी ती फाइल कोणत्याही संगणकावर नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडते. जॉप्लिन हे ॲप मुक्तस्रोत, म्हणजे तसे खुले आहे. ते टिपा आतल्या डेटाबेसमध्ये ठेवत असले, तरी साऱ्या टिपा मार्कडाउनमध्ये बाहेर काढण्याची सोय देते. मी स्वतः ऑब्सिडियन वापरतो आणि ज्याला खुला प्रोग्रॅमच हवा त्याला जॉप्लिन सुचवतो.

दुसरी गोष्ट शोधाची, आणि ॲपची तुलना करणाऱ्या लेखांत ती मला क्वचितच आढळली. आमच्याकडच्या मुलाच्या टिपा मराठीत, सरकारी परिपत्रक कन्नडमध्ये आणि अभ्यासाचे पुस्तक इंग्रजीत असते. त्यातच मराठीतला एकच शब्द संगणकाला दोन प्रकारे लिहिलेला दिसू शकतो. ‘ॲप’मधील ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत आणि काही कीबोर्ड अजूनही तसेच लिहितात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र चेही तसेच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली टीप अनेकदा सापडत नाही आणि आपण ती हरवली असे समजतो. यावर माझा उपाय साधा आहे: फोन आणि संगणक दोन्हींवर एकच कीबोर्ड ठेवतो आणि एका टिपेत शब्दाची सर्व रूपे लिहितो. भाताच्या रोपलावणीला आमच्याकडे ‘नट्टी’ म्हणतात, कन्नड कागदात ‘नाटी’ असते. माझ्या त्या टिपेच्या पहिल्याच ओळीत नट्टी, लावणी, रोपलागण आणि कन्नड लिपीतील नाटी असे चारही शब्द आहेत, त्यामुळे कोणत्याही वाटेने गेले तरी मी तेथेच पोहोचतो.

कणकुंबी, जांबोटीकडच्या मुलांनी आणखी एक पाहावे. पावसाळ्यात तेथे रेंज जाते, तेव्हा विमान मोड लावून जुनी टीप उघडते का आणि नवी लिहिता येते का, याची खात्री आधीच करावी.

टिपांची मांडणी कशी करावी, यासाठी परदेशी पद्धतींची अवघड नावे पाठ करण्याची गरज मला वाटत नाही. बेळगावच्या रविवार पेठेतील दिवाणजी दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत लिहीत आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवत. मीही रोजची एक टीप तारखेने लिहितो आणि आठवड्याने त्यातील नोंदींपुढे विषयाच्या टिपेचे नाव दुहेरी चौकटी कंसांत [[ ]] लिहून त्या दुव्याने त्या टिपेला जोडतो. कीर्द लिहिली आणि खतावणी राहिली, तर कोणतेही महागडे ॲप उपयोगाचे नाही.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे आणि तालुक्यांतही वाचनालये आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना बोलावून एवढेच करून घ्यावे: प्रत्येकाने आपल्या ॲपमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा दहा टिपा लिहाव्यात, त्या शोधून पाहाव्यात, मग साऱ्या बाहेर काढून वाचनालयाच्या संगणकावर उघडाव्यात. ज्या ॲपच्या टिपा तेथे वाचता येणार नाहीत, त्यात अकरावी टीप लिहू नये. अशा रविवारी माझ्या सर्व टिपांची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन मी खानापूरहून यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव