वहिनींच्या ऑपरेशनआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या हृदयाची मायट्रल झडप उजव्या बरगड्यांमधल्या लहान छेदातून दुरुस्त करायची ठरली आहे आणि छेद लहान म्हणून दुखणेही किरकोळच राहील, असे तुला कोणी सांगितल्याचे पत्रातून कळले. उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, कापावी लागत नाही हा लाभ खरा आहे. पण बरगड्या फाकवताना त्यांच्या खालच्या कडेने जाणारी नस दाबली जाते आणि पहिले दोन-तीन दिवस तिथे चांगलीच कळ येते, हे भूलतज्ज्ञ म्हणून मी रोज पाहतो.

शिरेतून मॉर्फिन किंवा फेंटानिल दिले की पडून असलेला रुग्ण शांत दिसतो, मात्र मळमळ आणि गुंगी येते, श्वास मंदावतो. माझ्या मते खरी परीक्षा खोकल्याची: छातीशी उशी धरून रुग्ण खोकतो का, आणि स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणातले तीन चेंडू श्वास ओढून वर नेतो का. कफ साचला तर न्यूमोनियाची भीती असते.

एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेले बधिर करणारे औषध, गुणकारी खरे. परंतु हार्ट-लंग मशीनसाठी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा मोठा डोस द्यावाच लागतो, आणि अशा वेळी मणक्यात रक्त साचले तर पाय लुळे पडू शकतात. असे क्वचितच घडते, तरीही तो धोका मी पत्करत नाही. सर्जनने बरगड्यांमध्ये दिलेले बधिर करणारे इंजेक्शन सोपे, पण काही तासांत उतरते.

म्हणून माझा कल 2016 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉककडे, म्हणजे पाठीच्या स्नायूखाली बधिर करणारे औषध सोडण्याकडे, आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला टेकते, औषध सोडताच वरचा स्नायू हळूच उचलला जातो आणि त्याखाली काळी पट्टी पसरत जाते. ती दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. तिथे बारीक नळी ठेवली, तर रोपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध दोन-तीन दिवस देता येते. सर्वांना सारखा गुण येत नाही, आणि ड्रेनची, म्हणजे छातीतले रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, जागा बरेचदा दुखतच राहते, म्हणून जोडीला ठरल्या वेळी पॅरासिटामॉल हवेच. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र मनाने देऊ नकोस. त्यांनी मूत्रपिंडाला इजा आणि रक्तस्राव होऊ शकतो.

भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा ब्लॉक देणार का आणि नळी ठेवणार का, हे आवर्जून विचार. वहिनींना दुखणे अंगावर काढायची सवय आहे. "नाही दुखत" म्हणाल्या, तरी त्यांना खोकायला सांग आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. आदल्या रात्री कितीही उशीर झाला तरी मला फोन कर.

तुझा मित्र